गरजवंताला अक्कल नसते, पण नुसत्या किमतीनंही संघ उभा राहत नाही

मंडळी, फेब्रुवारी सरत आला की आपल्या एडिसनच्या ग्रुपवर दरवर्षी तोच वाद पेटतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एनएचएलची ट्रेड डेडलाइन असते. मग कुणीतरी लिहितो, "काय हवं ते द्या, पण एक गोल करणारा आणा." दुसरा लगेच उत्तर देतो, "वेडा आहेस का? एवढ्या किमतीचा पोरगा यांच्यासाठी सोडायचा?" मध्यरात्रीपर्यंत चालतं. सकाळी पुन्हा गुड मॉर्निंगचे फोटो.

या पानावर मी एरवी टाउनशिपचं बजेट, शाळा, प्रॉपर्टी टॅक्स यावर लिहितो. आज हॉकीवर लिहितोय, पण विषय खरं तर तोच आहे. हातात असलेली मोलाची वस्तू आजच्या गरजेसाठी द्यावी का? द्यायची तर कशी?

ज्यांना हॉकी नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. आयपीएलसारखा लिलाव इथे नाही. तरुण खेळाडू ड्राफ्टमधून येतात, करार संपलेले फ्री एजंट म्हणून येतात, आणि तिसरी वाट म्हणजे दोन संघांतली अदलाबदल, ट्रेड. वर सॅलरी कॅप, म्हणजे एका संघानं पगारावर किती खर्च करायचा याची सक्त मर्यादा. सामन्याला वीस जण उतरतात. त्यात साधारण बारा फॉरवर्ड, सहा डिफेन्समन आणि दोन गोली. त्यामुळे पाच उत्तम विंगर असले तरी बचावात भोक असेल तर उपयोग नाही. या खेळात खेळाडूची 'किंमत' आणि संघाची 'गरज' या दोन वेगळ्या गोष्टी होतात त्या इथे.

आता मूळ उदाहरणाकडे येतो. त्यात आपले डेव्हिल्स आहेत, आणि माझी स्वतःची फजितीही आहे.

२९ जून २०१६. एडमंटन ऑयलर्सनी टेलर हॉल न्यू जर्सीला दिला आणि बदल्यात अ‍ॅडम लार्सन घेतला. एकास एक. सोबत ड्राफ्ट पिक नाही, दुसरा खेळाडू नाही, काही नाही.

हॉल २०१० च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. वय २४. आदल्या मोसमात ६५ पॉइंट. आणखी चार वर्षांचा करार, वर्षाला ६० लाख डॉलर, म्हणजे त्याच्या दर्जाच्या मानानं स्वस्तच. लार्सन २०११ च्या ड्राफ्टमधला चौथा, वय २३, बचावात भक्कम, पण आदल्या मोसमात १८ पॉइंट. पगार वर्षाला साधारण ४२ लाख, करार पाच वर्षांचा. बाजारात दोघांना शेजारी ठेवून विचारलं असतं तर शंभरातल्या नव्वद जणांनी हॉल उचलला असता.

मग ऑयलर्सचे जनरल मॅनेजर पीटर शिअरेली यांनी असं का केलं? मूर्ख होते म्हणून? नाही. त्यांची गरज खरी होती. एडमंटन २००६ नंतर दहा वर्षं प्लेऑफमध्ये गेलं नव्हतं. २०१०, २०११, २०१२, सलग तीन वर्षं ड्राफ्टमधला पहिला खेळाडू त्यांनी घेतला होता: हॉल, न्यूजंट-हॉपकिन्स, याकुपोव्ह. २०१५ ला कॉनर मॅकडेव्हिडही मिळाला. तिजोरी हिऱ्यांनी भरलेली, पण घराला दार नाही. समोरचा संघ यायचा आणि गोल करून जायचा. त्यातून उजव्या हाताचा चांगला डिफेन्समन ही लीगमधली दुर्मीळ वस्तू. बहुतेक डिफेन्समन डावखुरे शॉट मारणारे असतात, त्यामुळे उजव्या बाजूसाठी सगळेच संघ शोधात असतात. म्हणजे शिअरेलींना काय हवंय हे त्यांना ठाऊक होतं.

अडचण अशी की ते अख्ख्या लीगला ठाऊक होतं.

आपल्याकडे म्हणतात, गरजवंताला अक्कल नसते. मला ही म्हण थोडी अन्यायाची वाटते. गरजवंताला अक्कल असते, पण त्याला वेळ नसतो, आणि समोरच्याला ते दिसत असतं. अडल्या हरीला गाढवाचे पाय धरावे लागतात, कारण त्या क्षणी त्याच्यापुढे दुसरी वाट उभी नसते. व्यवहारात अर्धी ताकद "नाही जमलं तर राहिलं" असं म्हणता येण्यात असते. ज्याला ते म्हणता येत नाही, तो भाव ठरवत नाही, भाव ऐकतो.

आणि बघा, गरज फक्त एडमंटनची होती असंही नाही. आपले डेव्हिल्स २०१५-१६ मध्ये गोल करण्यात तीस संघांत सर्वांत खाली होते. आपले तेव्हाचे जनरल मॅनेजर रे शेरो (आता ते आपल्यात नाहीत) हेही गरजेपोटीच व्यवहाराला बसले होते. लार्सन गेल्यानं आपला बचाव उघडा पडणार हे त्यांनाही कळत होतं. फरक इतकाच की शेरोंनी आपली गरज भागवताना जास्त मोलाची वस्तू घरात आणली, आणि शिअरेलींनी आपली गरज भागवताना जास्त मोलाची वस्तू बाहेर घालवली. म्हणजे 'गरज विरुद्ध किंमत' असा हा सामना नाहीच. दोन गरजवंत समोरासमोर बसले, आणि एकानं भाव विसरला नाही.

आता माझी फजिती. २०१६-१७ चा मोसम सुरू झाला. एडमंटननं १०३ पॉइंट मिळवले, अकरा वर्षांनी प्लेऑफ गाठलं, पहिल्या फेरीत सॅन होजेला हरवलं आणि दुसऱ्या फेरीत अ‍ॅनाहाइमला सातव्या सामन्यापर्यंत झुंजवलं. लार्सन पहिल्या जोडीत उभा राहून खेळला. इकडे आपण ७० पॉइंट घेऊन ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये तळाला. मी तेव्हा इथेच, याच पानावर, छाती ठोकून लिहिलं होतं की शेरो फसले, एडमंटन जिंकलं. जुन्या मित्रांना आठवत असेल. कुणीतरी स्क्रीनशॉट ठेवलाही असेल.

पुढच्या वर्षी चित्र उलटलं. २०१७-१८ मध्ये हॉलनं ३९ गोल, ९३ पॉइंट केले. आपल्या संघातला त्याच्यामागचा खेळाडू निको हिशिएर, ५२ पॉइंट. म्हणजे ४१ चा फरक! एकट्या माणसानं संघ ओढून प्लेऑफला नेला, २०१२ नंतर पहिल्यांदा. लीगमधला सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून त्याला हार्ट ट्रॉफी मिळाली. डेव्हिल्सच्या इतिहासात ती मिळवणारा तो पहिला. आणि एडमंटन त्याच मोसमात ७८ पॉइंटवर अडकून प्लेऑफच्या बाहेर. जानेवारी २०१९ मध्ये शिअरेलींची नोकरी गेली.

मग मी लिहिलं की शेरो महान. तेही अर्धवटच होतं.

ऑयलर्सच्या बाजूनं बोलायचं तर एक मुद्दा वजनदार आहे आणि तो मी टाळणार नाही. हॉलनं पुन्हा कधी तसा मोसम खेळला नाही. पुढच्या वर्षी गुडघ्याच्या दुखापतीनं ३३ सामन्यांवर थांबला. डिसेंबर २०१९ मध्ये आपणच त्याला अ‍ॅरिझोनाला दिला. लार्सन मात्र एडमंटनमध्ये पाच मोसम इमानानं खेळला. मग एका सोनेरी वर्षाच्या जोरावर एवढा गवगवा कशाला? 'एक चांगलं वर्ष' आणि 'पाच ठीक वर्षं' यांत काय निवडाल?

प्रश्न रास्त आहे. पण उत्तर पुढच्या साखळीत आहे, आणि ती साखळी आपल्या ग्रुपवर कुणी मांडत नाही.

हॉलला अ‍ॅरिझोनाला दिलं तेव्हा त्याच्या कराराचे शेवटचे काही महिने उरले होते. उरलेला अर्धा पगारही आपणच भरायचं कबूल केलं. तरी बदल्यात पहिल्या फेरीचा एक पिक आणि काही तरुण खेळाडू आले. त्या पिकवर २०२० मध्ये आपण डॉसन मर्सरला घेतलं, अठराव्या क्रमांकावर. त्यानं २०२२-२३ मध्ये २७ गोल केले, त्या मोसमात आपण ११२ पॉइंटचा विक्रम केला. त्या तरुणांपैकी एक होता केव्हिन बाल, डिफेन्समन. २०२४ च्या जूनमध्ये तो बाल आणि पहिल्या फेरीचा एक पिक देऊन आपण कॅल्गरीकडून गोली याकोब मार्कस्ट्रॉम आणला.

म्हणजे लार्सन दिला, त्याचा हॉल झाला. हॉलचा मर्सर आणि बाल झाला. बालच्या मदतीनं गोली आला. एका डिफेन्समनचं बी पेरलं आणि आठ वर्षांनी झाड अजून फळं देतंय.

आणि एडमंटन? २०२१ मध्ये सिअ‍ॅटलचा नवा संघ आला. लार्सनचा करार संपत होता. तो सिअ‍ॅटलला गेला. ऑयलर्सच्या हातात बदल्यात शून्य. यात लार्सनचा काही दोष नाही, तो त्याचा हक्क होता. पण २०१६ ला जी मालमत्ता त्यांच्याकडे होती तिचा शेवटचा रुपयाही खात्यात उरला नाही.

किंमत म्हणजे काय, ते मला इथे कळलं. किंमत म्हणजे पॉइंटचा आकडा नाही. किंमत म्हणजे ती वस्तू उद्या दुसऱ्या कशात तरी बदलता येण्याची ताकद. हॉल जखमी झाला, घसरला, तरी ती ताकद पूर्ण मेली नाही. गरज मात्र दर दोन वर्षांनी बदलते. आज डिफेन्स, उद्या गोली, परवा सेंटर. दोन वर्षं टिकणाऱ्या गरजेसाठी दहा वर्षं टिकणारं मोल कवडीमोलानं देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

आणखी एक गोष्ट, जी मला त्या ट्रेडमधली सर्वांत महागडी चूक वाटते. हॉल गेल्यावर डाव्या विंगवर जागा रिकामी झाली. दोन दिवसांत, १ जुलैला, ऑयलर्सनी मिलान लुचिचला घेतलं. वय २८, सात वर्षांचा करार, वर्षाला ६० लाख. म्हणजे हॉलच्या पगाराइतकाच पगार, पण करार लांब, खेळाडू वयानं मोठा आणि वेगानं कमी. २०१७-१८ मध्ये हॉलनं ३९ गोल केले तेव्हा लुचिचनं १० केले. २०१९ मध्ये त्याला कॅल्गरीला पाठवावं लागलं आणि बदल्यात दुसऱ्या कुणाचा तरी तसाच जड करार घ्यावा लागला. एक खड्डा बुजवताना दुसरा खणला, आणि त्या दुसऱ्या खड्ड्याचं बिल पहिल्या ट्रेडच्या हिशोबात कुणी धरलंच नाही. खरा व्यवहार 'हॉल देऊन लार्सन' हा नव्हताच. तो 'हॉल देऊन लार्सन, अधिक लुचिचचा सात वर्षांचा करार' असा होता. तसा मांडला असता तर सही झाली असती का?

त्याच जुलैच्या सुरुवातीला जेसन डेमर्स नावाचा उजव्या हाताचा डिफेन्समन फ्री एजंट म्हणून फ्लोरिडाला गेला, वर्षाला ४५ लाखांवर. लार्सन त्याच्यापेक्षा तरुण आणि सरस, हे मान्य. पण नुसत्या पैशांत, एकही खेळाडू न देता, गरजेचा मोठा भाग भागवण्याची वाट बाजारात होती. चार दिवस दम धरायचा होता.

आता दुसरी बाजू. नाहीतर तुम्ही म्हणाल, हा माणूस नुसता वाण्यासारखा तराजू घेऊन बसलाय.

नुसतं मोल साठवून संघ होतो का? त्याचंही उत्तर एडमंटनच देतं. तीन वर्षांत तीन पहिले पिक. एवढी 'किंमत' कुणाकडे नव्हती. आणि तळाला कोण? हेच. हॉल एडमंटनमध्ये सहा मोसम खेळला आणि प्लेऑफचा एकही सामना त्याला मिळाला नाही. त्याचा पहिला प्लेऑफ सामना एप्रिल २०१८ मध्ये, आपल्या जर्सीत, आठव्या मोसमात! याकुपोव्हची किंमत तर ठेवून ठेवून विरली, २०१६ मध्ये तो जवळजवळ फुकटात गेला. न वापरलेलं मोलही कुजतं. माळ्यावर ठेवलेले आंबे आहेत ते, सोन्याची बिस्किटं नव्हेत.

आणि गरजेसाठी केलेला ट्रेड सोन्याचा ठरतो, याचंही उदाहरण आहे. २०२१-२२ मध्ये फ्लोरिडानं १२२ पॉइंट घेऊन लीग गाजवली, पण प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत टॅम्पानं चार सामन्यांत गुंडाळलं. त्यांनी जुलै २०२२ मध्ये ११५ पॉइंट करणारा जोनाथन ह्युबर्डो, चांगला डिफेन्समन मॅकेंझी वीगर, एक तरुण आणि पहिल्या फेरीचा पिक, एवढं सगळं कॅल्गरीला देऊन मॅथ्यू टकाचक आणला. मोजदाद केली तर कॅल्गरीचं पारडं जड. मीही तसंच म्हणालो होतो (हो, पुन्हा). पण फ्लोरिडाला हवा होता प्लेऑफच्या धक्काबुक्कीत गोलीसमोर ठाण मांडून बसणारा माणूस. २०२४ आणि २०२५, दोन्ही स्टॅनली कप त्यांनी जिंकले. ह्युबर्डो कॅल्गरीत पहिल्याच वर्षी ५५ पॉइंटवर आला, आणि त्याच्या गळ्यात वर्षाला एक कोटी पाच लाखांचा आठ वर्षांचा करार. नाकापेक्षा मोती जड.

पण नीट बघा, फ्लोरिडानं मोल फेकलं नव्हतं. टकाचक २४ वर्षांचा, ह्युबर्डो २९ चा आणि कराराचं एकच वर्ष उरलेला. शिवाय टकाचकनं कॅल्गरीत लांबचा करार करणार नाही असं सांगून टाकलं होतं. म्हणजे तिथे अडलेला हरी कॅल्गरी होता. फ्लोरिडानं गरज भागवली आणि पुढच्या दहा वर्षांचं मोलही घरात आणलं. पॉइंटच्या तक्त्यात ते दिसलं नाही, एवढंच.

आपला मार्कस्ट्रॉमचा ट्रेडही मला याच कारणासाठी पटतो. २०२३-२४ मध्ये आपल्याकडे गोली नव्हताच म्हणा ना. ८१ पॉइंट, प्लेऑफ नाही. गरज उघडी होती, सगळ्यांना दिसत होती. तरीही देताना अट घातली की पिक पहिल्या दहात आला तर आम्ही यंदा देणार नाही. आणि त्याच्या पगाराचा काही भाग कॅल्गरीच्या गळ्यात ठेवला. गरजवंत असूनही घासाघीस केली. पुढच्या मोसमात प्लेऑफला परत गेलो. तिथे कॅरोलायनानं हरवलं, तो वेगळा विषय.

तर डेडलाइनच्या आधी भांडायचंच असेल तर चार प्रश्न विचारून भांडूया:

एक, ही गरज किती दिवसांची आहे, आणि देतोय ती वस्तू किती वर्षांची?

दोन, तीच गरज पैशानं, धीरानं किंवा छोट्या ट्रेडनं भागते का?

तीन, देतोय त्याची जागा कोण घेणार, आणि त्याचं बिल किती?

चार, आपल्याला "नाही" म्हणून उठता येईल का? येत नसेल तर आज टेबलावर बसूच नका.

चारही उत्तरं नीट आली तर महागातला महाग खेळाडू द्या, मी टाळ्या वाजवीन. नाहीतर प्लेऑफ हुकलं तरी चालेल, पण घाईत सही नको.

शेवटी, हे सगळं या पानावर का? न्यूआर्कचं प्रुडेन्शियल सेंटर २००७ मध्ये उघडलं तेव्हा त्यात शहराचे सुमारे २१ कोटी डॉलर होते. एडमंटनमध्येही, हॉलला घालवलं त्याच वर्षी उघडलेल्या नव्या अरीनात शहरानं मोठी रक्कम घातली होती. संघ मालकाचा असतो, पण छत लोकांच्या पैशाचं असतं. त्यामुळे "तुम्ही प्रेक्षक, तुम्हाला काय कळतं" हे कुणी आपल्याला ऐकवू नये.

आणि दुसरं, आपल्या गावांचं बजेट बघा. दरवर्षी येणारा खड्डा बुजवायला कधी जमीन विकायची, कधी एखादी सेवा विकून एकरकमी पैसे घ्यायचे, आणि त्या वर्षी टॅक्स वाढला नाही म्हणून हार घालून घ्यायचे, असं या राज्यात ठिकठिकाणी झालंय. पुढच्या वर्षी खड्डा तिथेच असतो, जमीन नसते. हा हॉल-लार्सनच आहे, फक्त बर्फ नाही. पुढच्या टाउनशिप मीटिंगला हेच चार प्रश्न घेऊन या. मी तिसऱ्या रांगेत असेन.

पटलं नाही तर खाली लिहा. माझा २०१७ चा स्क्रीनशॉट कुणाकडे असेल तर तोही टाका, मी डिलीट करणार नाही.